पावती गाडीची, बाईचं काय?



गाडी सुरक्षित कशी लावावी, यावर बोलायला मला सांगितलं आहे. विषय काहींना किरकोळ वाटेल. रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या तळघरातून स्कूटी काढणाऱ्या नर्सला तो तसा वाटत नाही.

२७ नोव्हेंबर २०१९. हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरने स्कूटी लावली. परत आली तेव्हा चाकात हवा नव्हती. हवा काढणारेच मदतीच्या बहाण्याने पुढे आले, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. तिच्यावर बलात्कार झाला, तिचा खून झाला. भीती वाटते, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं. तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, बहिणीऐवजी पोलिसांना फोन करायला हवा होता! घरची माणसं पोलिसांकडे गेली, तर हद्दीच्या वादात वेळ गेला. पुढे चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबाराने मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तो गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये सिरपूरकर आयोगाने काढला. या सगळ्या गदारोळात गाडी लावण्याच्या जागेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलात नोकराच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. गाडीची जबाबदारी ठरली. गाडी घ्यायला येणाऱ्या बाईची कुणाची?

काळजी आपण घेऊच. गाडी उजेडात, रखवालदाराच्या किंवा फाटकाच्या जवळ लावावी. बाहेर तोंड करून लावावी, म्हणजे निघताना वेळ जात नाही. किल्ली आधीच हातात असावी. गाडीत बसल्यावर लगेच दारं लावून निघावं. चाक बसलेलं दिसलं तर तिथे थांबू नये; माणसांत जाऊन ११२ ला फोन करावा. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता तशी स्पष्ट तरतूद आहे.

पण यातलं काही चुकलं म्हणून दोष बाईचा होत नाही, हे प्रत्येक वेळी ठणकावून सांगायला हवं. उजेडाची जागाच नसेल तर तिने गाडी लावायची कुठे?

टोरांटोच्या मेट्रॅक संघटनेने १९८९ मध्ये बायकांनी स्वतः जागेची पाहणी करण्याची पद्धत तयार केली. दिल्लीत ‘जागोरी’ने ती वापरली. तिला पैसा लागत नाही. अंधार पडल्यावर पाचजणींनी वही घेऊन आपल्या भागातल्या वाहनतळावर जावं. दिवे किती, त्यातले चालू किती? खांबाआड, जिन्याखाली कुणी लपू शकेल का? हाक मारली तर ऐकू जाते का? तळघरात फोन लागतो का? रखवालदार किती वाजेपर्यंत असतो? पावतीवर ठेकेदाराचा फोन नंबर आहे का? उत्तरं तारीख-वेळेसह लिहावीत, नकाशा काढावा, आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी. महिन्याने पुन्हा जावं.

ठेका पालिका देते, पैसे ठेकेदार घेतो. मग दिवा आणि माणूस ही ठेक्याची अट असलीच पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एका तरी वाहनतळाची पाहणी करून यावी, एवढी विनंती करते आणि थांबते.