आखूड बोर्डाचा मोह आणि 5 फूट 4 इंचांचा धडा

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग एका मेसेजमुळे होतोय. आपल्या एका श्रोत्यानं लिहिलंय, "दादा, गोव्यात तीन दिवसांचा सर्फिंगचा कोर्स केला. दोन-तीनदा उभा पण राहिलो. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. रीलमध्ये ते टोक नसलेले, एकदम छोटे बोर्ड दिसतात ना, साडेपाच फुटांच्या आतले, त्यातला घेऊ का? की ऑलिम्पिकवाले वापरतात तसा टोकदार घेऊ?"

मित्रा, उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी कुणालाच विचारलं नव्हतं. त्याची किंमत मी दोन वर्षं आणि भुवईवर सहा टाके अशी मोजलीय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नव्या मंडळींसाठी एवढंच, की मी मूळचा मालवणचा. नोकरीमुळे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला आलो आणि इथं तिशी ओलांडल्यावर सर्फिंग शिकलो. पोहता येत होतं, दर्या ओळखीचा होता. त्यामुळे मला वाटायचं की आपण बाकीच्या शिकाऊ लोकांपेक्षा दोन पायऱ्या वरच आहोत. ही समजूत सगळ्यात महाग पडली.

सुरुवात भाड्याच्या 8 फुटी फोमच्या बोर्डावर झाली. मजा येत होती. पण पार्किंगमध्ये तो निळा, जाडजूड बोर्ड डोक्यावर घेऊन चालताना लाज वाटायची. बाजूनं विशीतली पोरं बारीक, पांढरे, टोकदार बोर्ड काखेत मारून जायची. दोन महिन्यांत मी सेकंडहँड बोर्ड घेतला. 5 फूट 10 इंच लांब, साडेअठरा इंच रुंद, सव्वादोन इंच जाड, तीन फिन. दिसायला एकदम स्पर्धेतला.

आणि मग दोन वर्षं मी लाटा पकडल्याच नाहीत.

अतिशयोक्ती नाही ही. माझं वजन 78 किलो आणि बोर्ड साधारण 25 लिटरचा. इथं थांबून हे लिटर समजून घ्या. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. जितके लिटर जास्त, तितका तो तुम्हाला वर उचलून धरतो. कसलेल्या, तरण्याबांड सर्फरला 25 लिटर पुरतात, कारण त्याचे हात मोटरसारखे चालतात आणि लाट कुठं उठणार ते त्याला आधी कळतं. मी त्या बोर्डावर पालथा पडलो की छातीपर्यंत पाण्यात. हात मारून मारून दमायचो आणि लाट खालून निघून जायची. दोन तासांत कधी एक लाट, कधी तीही नाही. घरी आलो की बायको विचारायची, "कसं झालं?" मी म्हणायचो, "आज लाटाच नव्हत्या." लाटा होत्या हो.

सोडून द्यायचं ठरलं होतं. बोर्ड विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती.

पॅसिफिक बीचच्या उत्तरेला टूरमलीन नावाची जागा आहे. तिथल्या लाटा मऊ, हळू येणाऱ्या, त्यामुळे तिथं म्हातारे सर्फर भरपूर. त्यातल्या एका सत्तरीच्या आजोबांनी माझी धडपड बरेच दिवस पाहिली असावी. एका सकाळी त्यांनी आपला बोर्ड पुढं केला आणि म्हणाले, अदलाबदल करू. मी बघतच राहिलो. 5 फूट 4 इंच! माझ्या बोर्डापेक्षा अर्धा फूट आखूड. मी मनात म्हटलं, लांब बोर्डावर जमत नाही आणि हा आणखी आखूड देतोय.

पण नीट बघितलं तर तो बोर्ड वेगळाच होता. 22 इंच रुंद. पुढचं टोक नाहीच, कुणीतरी करवतीनं कापून गोल केल्यासारखं. मागची बाजूही रुंद, जवळजवळ चौकोनी. खाली दोन लांबट, बुटक्या फिन. एकंदरीत पोळपाट आणि सुपाच्या मधलं काहीतरी. त्याला मिनी सिमन्स म्हणतात. आणि लिटर? साधारण 35. म्हणजे लांबीनं कमी, पण मला उचलून धरायला दहा लिटर जास्त.

त्या सकाळी मी पाच लाटा पकडल्या. पहिल्या लाटेवर उभा राहिलो तेव्हा तोल सांभाळण्याआधीच बोर्ड सुटला होता, ओल्या लादीवरून साबण सुटतो तसा. दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की लाटेवर एवढा वेग असतो.

हे का घडलं? लहानपणी तळ्यात चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढल्यात ना? गोल दगड बुडतो. चपटा, रुंद दगड पाण्यावर टप्पे घेत जातो. मालवणात मी फायबरच्या होड्यांवर हेच बघत आलोय. इंजिन हळू असतं तोवर होडी पाणी कापत, ढकलत जाते. इंजिन वाढवलं की नाळ वर उठते आणि होडी पाण्यात न चालता पाण्यावरून घसरायला लागते. बूड जितकं सपाट आणि मागून रुंद, तितकं हे घसरणं लवकर सुरू होतं. मिनी सिमन्सचं बूड तसंच असतं. माझ्या टोकदार बोर्डाला पुढून मागे चांगलाच बाक होता, त्याला रॉकर म्हणतात. उभ्या, ताकदवान लाटेत तो बाक हवाच, नाहीतर टोक पाण्यात घुसतं. पण मऊ लाटेवर तोच बाक ब्रेकसारखं काम करतो.

मग मी या बोर्डांचा इतिहास वाचायला लागलो आणि एक गंमत दिसली. हे विचित्र बोर्ड फॅशन म्हणून आलेले नाहीत. प्रत्येकामागं कुणाची तरी अडचण आहे.

बॉब सिमन्स बघा. कॅलिफोर्नियातला, गणित-इंजिनिअरिंगच्या डोक्याचा माणूस, कॅलटेकमध्ये शिकलेला. सायकलच्या अपघातात एक हात कायमचा अधू झाला. त्या काळातले जड लाकडी बोर्ड उचलणंही कठीण. त्यानं बोर्ड हलके केले आणि वेगवान नौकांच्या सपाट बुडाचा लिंडसे लॉर्ड यांनी केलेला अभ्यास बोर्डाला लावला. 1954 मध्ये ला होयाच्या विंडनसीला सर्फिंग करतानाच तो गेला. त्याचे बोर्ड लांब होते. पन्नासेक वर्षांनी, 2006 मध्ये, रिचर्ड केन्विन आणि शेपर जो बॉगेस यांनी तीच कल्पना साडेपाच फुटांच्या आसपास आणली, तो हा मिनी सिमन्स.

स्टीव्ह लिस. सॅन डिएगोचाच. 1967 च्या सुमाराला, पोरगेलं वय. हा गुडघ्यांवर बसून सर्फिंग करायचा, त्याला लांब बोर्डाची गरजच नव्हती. त्यानं आखूड, रुंद, माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला बोर्ड केला. तोच फिश. मित्र त्यावर उभे राहायला लागले आणि 1972 ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोत झाली तेव्हा जिमी ब्लेअर्स फिशवर जिंकला.

ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स. उंचापुरा गडी. एका फिनचे बोर्ड छोट्या लाटांत त्याच्याखाली वळेनात. 1976 मध्ये हवाईच्या रेनो अबेलिराचा आखूड फिश त्यानं पाहिला, त्यावरून स्वतःचा दोन फिनचा बोर्ड घडवला आणि 1979 ते 1982 सलग चार वेळा जगज्जेता झाला.

मग सगळेच दोन फिनवर. पण सायमन अँडरसन हा त्याहून धिप्पाड. दोन फिनचा बोर्ड त्याच्या वजनाखाली सटकायचा. त्यानं 1980 मध्ये मागे तिसरी फिन लावली आणि पुढच्याच वर्षी बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. आज ऑलिम्पिकमध्ये दिसतात ते तीन फिनचे बोर्ड त्याच वंशातले. पेटंट त्यानं घेतलंच नाही.

आणि रीलमध्ये दिसणारे ते टोक कापलेले बोर्ड? त्यात मोठं नाव डॅनियल थॉमसन, सगळे टोमो म्हणतात. जे टोक बहुतेक वेळ हवेतच असतं ते कशाला वागवायचं, कडा समांतर ठेवून पाण्याला टेकणारा भाग वाढवू, असा त्याचा हिशोब. 2016 मध्ये गोल्ड कोस्टच्या स्पर्धेत स्टू केनेडी टोमोच्या बुटक्या बोर्डावर थेट उपांत्य फेरीत गेला, तेव्हा या बोर्डांना हसणारे जरा गप्प झाले.

तर या सगळ्यांना आपली अडचण नेमकी माहीत होती. कुणाचा हात, कुणाचं वजन, कुणाची लाट. मी मात्र बोर्ड घेतला तो पार्किंगमधल्या पोरांकडे बघून.

तुम्हाला वाटेल इथं माझी गोष्ट सुफळ संपूर्ण झाली. नाही झाली. टाके अजून यायचेत.

मी स्वतःचा 5 फूट 4 इंचांचा मिनी सिमन्स घेतला. वर्षभर टूरमलीनला मजेत गेलं. मग मी टॉम करनचा तो व्हिडिओ पाहिला. तीन वेळचा जगज्जेता, 1990 च्या दशकात इंडोनेशियातल्या मोठ्या लाटांवर 5 फूट 5 इंचांचा फिश घेऊन उतरलेला. अंगावर काटा येतो बघताना. मला वाटलं, करनला जमतं तर आपल्याला थोडं तरी जमेल. आमच्या दोघांच्या बोर्डांत साम्य फक्त आखूडपणाचं, आणि आमच्या दोघांत तर तेही नाही.

ला होयाजवळ ब्लॅक्स बीच आहे. तिथं किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, त्यामुळे लाटेची ताकद एका जागी गोळा होते. हिवाळ्यात तिथली लाट भिंतीसारखी उभी राहते. मी बोर्ड घेऊन गेलो. येणाऱ्या लाटेखालून बोर्डासकट बुडी मारून पलीकडे निघायचं असतं, पण 35 लिटरचा रुंद बोर्ड बुडतच नाही. बाहेर पोचेपर्यंत अर्धा जीव गेला. लाट मिळाली, उभा राहिलो, आणि सपाट बोर्ड त्या उभ्या भिंतीवरून उतरताना पुढची कड पाण्यात घुसली. मी पुढं फेकलो गेलो. वर आलो तेव्हा पायाला दोरीनं बांधलेला माझाच बोर्ड परत आला आणि भुवईवर बसला.

किनाऱ्यावर कुणीतरी टॉवेल दाबून धरला. डोळा थोडक्यात वाचला. टाके घालून घरी आलो तेव्हा बायको एकच वाक्य बोलली, "तुला कुणाला दाखवायचं होतं?" त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा काय म्हणायचे विसरलास? 'दर्या बघान होडी घालूची, होडी बघान दर्या नाय.'" लहानपणी हे शंभर वेळा ऐकलं होतं. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात का घालत नाहीत, असं विचारलं की हेच उत्तर मिळायचं.

आता मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे येतो.

एक. इतक्यात बोर्ड घेऊच नकोस. गोव्यात तू शिकलास ते मोठ्या फोमच्या बोर्डावर. निदान वीस-पंचवीस वेळा त्याच्यावरच जा, भाड्यानं घे. फेसाळ पाण्यात नाही, तर न फुटलेल्या लाटेवर स्वतःच्या हातांनी जाता आलं आणि डावी-उजवीकडे वळता आलं, की मग बोर्डाचं बघू. आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर एकट्यानं प्रयोग नकोत.

दोन. लांबी सगळ्यात शेवटी विचार. आधी लिटर विचार, मग रुंदी, मग बाक किती आहे ते. दुकानदाराला तुझं वजन आणि तू कुठल्या लाटेवर जातोस ते खरं सांग. मनातली लाट सांगू नकोस.

तीन. टोक नसलेला आखूड बोर्ड वाईट नाही. गोव्यासारख्या मऊ लाटेवर तो पुढंमागं मस्त चालेल. पण तो क्षमा करणारा नाही, लहान असल्यानं पाय जरा चुकीचा पडला की संपलं. 8 फुटांवरून साडेपाचवर उडी मारू नकोस. मधे 7 फुटांचा, जाडसर बोर्ड घे. दिसायला काही खास नसतो. पण तो मधला बोर्ड मी घेतला असता तर ती दोन वर्षं वाचली असती.

माझा टोकदार बोर्ड अजून गॅरेजमध्ये आहे, जाहिरात शेवटी टाकलीच नाही. मिनी सिमन्स दर शनिवारी टूरमलीनला निघतो. ते आजोबा अजून येतात, आता 9 फुटांच्या बोर्डावर. गुडघे दुखतात, म्हणून बदलला म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी सर्फिंग शिकत असेल तर मला वजन, बोर्डाचे लिटर आणि किनाऱ्याचं नाव पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू लवकरच. काळजी घ्या, आणि पाण्यातून वर येताना आधी हात डोक्यावर धरा!