तीन चिठ्ठ्या, दोन भाव
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल,' असं संयोजकांनी सुचवलं होतं. मी मात्र नववीच्या बीजगणितावर बोलणार आहे. एकसामयिक समीकरणं. मागून आत्ता जो उसासा आला तो कोणाचा, हे मी इतक्या वर्षांनीही ओळखलंय.

एकाला दोनाने गुणा, दुसऱ्याला तीनाने, वजाबाकी करा, एक्स गेला, वाय सापडला. हे आपण घोकलं आणि मार्क मिळवले. पण बाईंनी एकदा फळ्यावर एक विचित्र जोडी लिहिली होती, आठवतं का? सोडवत गेलं की शेवटी शून्य बरोबर शून्य. बाई म्हणाल्या, 'समीकरणं दोन दिसतात, पण दोघंही एकच गोष्ट सांगताहेत.' परीक्षेत असलं काही येत नसल्यामुळे आपण ते सोडून दिलं. मला ते त्याच वर्षी घरी लागलं.

बाबा गेल्यावर आईने डबे करायला घेतले, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. काहींनी ते खाल्लेतही. किराणा उधारीवर यायचा. दुकानदार चिठ्ठीवर माल लिहायचा आणि खाली फक्त एकूण रक्कम. भाव विचारला की म्हणायचा, 'वहिनी, उधारीत भाव नसतो विचारायचा.' तेलात तो जास्त लावतोय असा आईला संशय होता, पण हातात काही नव्हतं.

एका महिन्यात तेलाचे 2 डबे आणि 20 किलो तूरडाळ, 1,680 रुपये. पुढच्या महिन्यात माणसं वाढली; 3 डबे, 30 किलो, 2,520 रुपये. मी वही घेऊन बसले आणि उत्तर आलं शून्य बरोबर शून्य. साहजिकच होतं. जेवण तेच, म्हणून तेल आणि डाळ यांचं प्रमाणही तेच. अशा दहा चिठ्ठ्या जमवल्या असत्या तरी एकच समीकरण दहा वेळा मिळालं असतं.

आई सातवी शिकलेली. मी तिला अडचण सांगितली. ती म्हणाली, 'मग या खेपेला डबे दोनच आणू. डाळ तीस आणते, उरली तर पुढे चालेल.' रक्कम आली 1,900. पहिल्या चिठ्ठीपेक्षा 10 किलो डाळ जास्त, 220 रुपये जास्त. डाळ 22 रुपये किलो. म्हणजे डबा 620 रुपयांचा. समोरच्या दुकानात पाटीवर 580 लिहिलेलं होतं.

(भाव तीन महिने बदलला नाही, असं यात धरलेलं आहे. मध्ये दिवाळी असती तर हे गणित फसलं असतं.)

आई दुकानात जाऊन एवढंच म्हणाली, 'शेठ, डाळ बावीसची बरोबर आहे, पण डबा सहाशे वीसचा?' त्यानंतर चिठ्ठीवर भाव वेगवेगळे येऊ लागले. आम्हाला वर्षाला तीसेक डबे लागायचे. डब्यामागे 40 रुपये म्हणजे माझी फी आणि वह्या-पुस्तकं.

आज तुम्ही सगळे मोबाइलवर नकाशा लावून इथे आलात. तिथेही हेच चालतं. तुमची जागा सांगायला तीन संख्या लागतात, मग तीन उपग्रह पुरायला हवेत. पण फोनचं घड्याळ उपग्रहांच्या घड्याळांइतकं अचूक नसतं, आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणून घड्याळातला फरक हे चौथं अज्ञात मानायचं आणि निदान चार उपग्रह घ्यायचे. ही समीकरणं आपल्या पुस्तकातल्यासारखी सरळ नसतात; आधी जागेचा अंदाज धरून ती सरळ करून घेतात, सोडवतात, मग अंदाज सुधारून पुन्हा. आणि चारही उपग्रह आभाळात एकाच बाजूला गोळा झालेले असले, तर ते जवळपास एकच गोष्ट सांगतात आणि जागा ढोबळ येते. उंच इमारतींच्या गल्लीत नकाशावरचा ठिपका भरकटतो, त्यामागचं हे एक कारण. नव्या मुलांना हे शिकवताना मी तेल-डाळीच्या चिठ्ठ्या सांगते.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञातांना रंगांची नावं आहेत. पहिलं यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, लाल. असं शिकवलं असतं तर मागचा बाक जागा राहिला असता, असं मला उगीच वाटतं.

आता जेवणाआधी एक गणित. समजा, अशाच एका मेळाव्यात लहान-मोठे मिळून 96 जण आले. मोठ्यांचे 600 रुपये, मुलांचे 300. जमले 46,800. तर मुलं किती? कागद-पेन घ्यायचं नाही, मोबाइल तर नाहीच. आणि उत्तर मला नको, पहिल्या रांगेत बाई बसल्यात, त्यांना जाऊन सांगा.