टाळं लावलंत, कारण सांगा



 मी मुळात ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवणारा वकील, तेव्हा तिथलंच बोलेन.

आमच्या आळीतल्या एक वहिनी शिवलेल्या नऊवारी साड्या विकतात. दुकान नाही, गिऱ्हाईक सगळं मोबाइलवरच्या पेजवर. ऐन लग्नसराईत एका रात्री ते पेज बंद झालं. निरोप एवढाच, की नियमांचा भंग झाला आहे. कुठला नियम, कधी मोडला, एक अक्षर नाही. घरात अकरा साड्या कापून पडलेल्या आणि कुणाची कंबर किती, उंची किती, पार्सल कुठे धाडायचं, हे सगळं त्या बंद इनबॉक्सात! आगाऊ पैसे दिलेल्या बायका चोर म्हणू लागल्या. दाद मागायला फॉर्म होता. तो भरायला आधी लॉगिन करा म्हणे. नगरपालिकासुद्धा गाळ्याला सील ठोकण्याआधी दारावर नोटीस चिकटवते हो.

फसवणूक करणाऱ्यांची, लहान मुलांना छळणाऱ्यांची खाती तडकाफडकी बंद व्हायलाच हवीत. पण कारण सांगायला कंपनीचं काय जातं? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात तशी सक्ती आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू झाला. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीनं आयटी नियमांत अपील समित्या आल्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत तिथे जाता येतं. ‘जाता येतं’ हे मी जपून म्हणतोय.

माझी भिस्त मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर आहे. त्यातलं कलम २(४६) वाचा. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एका बाजूला देणारी अट तिथे अनुचित कराराच्या व्याख्येत बसवली आहे. अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, थेट राज्य आयोगात न्यावी लागते. पेज फुकट, मग तुम्ही ग्राहक कसले, हा कंपनीचा ठरलेला बचाव. वहिनींनी जाहिरात ‘बूस्ट’ करायला पैसे भरले होते आणि पावत्या मोबाइलमध्ये होत्या. मग व्यापारी वापराचा मुद्दा निघणार. तर स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायद्यानंच त्यातून वगळलंय. सगळं जुळत होतं. इतकी नेटकी केस मला वर्षानुवर्षं मिळाली नव्हती.

नोटीस धाडली. सतराव्या दिवशी पेज आपोआप उघडलं. कारण तेव्हाही कळलं नाही.

मंडळी, खरी गोम इथे आहे. नोटीस पोचली की खातं उघडतं, तक्रारदार सुटकेचा श्वास सोडतो आणि फाईल मिटते. निकाल लागतच नाही, मग पुढच्यानं आधार कशाचा घ्यायचा? म्हणून माझा आग्रह आहे, खातं परत मिळालं तरी तक्रार चालवा. बुडालेला हंगाम मागा, गेलेलं नाव मागा, आणि कारण लेखी मागा.

वहिनींनाही मी हेच सांगितलं. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं पटतंय. पण केस चालू असताना त्यांनी पुन्हा बंद केलं तर?”

मी उत्तर दिलं नाही. मापं आता वहिनी वहीत लिहितात.