घराण्याचा वारसा आणि भोवतालची परिस्थिती
(रक्तदाब व वजन या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



आजोबांना अर्धांगवायूचा झटका आलेला, वडिलांना रक्तदाब, आणि आता थोरल्या मुलाचाही आकडा १४० च्या वर गेलेला. अशा वेळी "आमच्या घराण्यातच आहे ते" असे म्हणून कुटुंब स्वस्थ बसते. उलटपक्षी, एखादी व्यक्ती स्थूल दिसली की तिचा जिभेवर ताबा नाही, असा शेरा मारून समाज मोकळा होतो. पहिल्या समजुतीत सारा भार जन्मावर टाकला जातो, दुसरीत सारा दोष माणसावर. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, आणि दोन्हींची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते.

आनुवंशिकतेचा भाग निःसंशय खरा आहे. डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा बांधा वाढविणाऱ्या आईबापांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळत असल्याचे त्यात आढळून आले. पुढे २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाचा वजनाशी असलेला संबंध उघड झाला. या जनुकाचा विशिष्ट प्रकार माता व पिता या दोघांकडूनही लाभलेल्या प्रौढांचे वजन, तो मुळीच न लाभलेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे ३ किलोंनी अधिक भरते. परंतु २०११ साली दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा शरीरश्रम करणाऱ्यांत याच जनुकाचा स्थूलतेवरील प्रभाव सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसला. रक्तदाबाच्या बाबतीत शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. एकालाच अपराधी ठरविता येत नाही.

जनुके तीच ठेवून परिस्थिती बदलली तर काय होते, हे केनियातील लुओ लोकांच्या उदाहरणावरून कळते. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठच्या खेड्यांत या लोकांचा रक्तदाब कमी असे. त्यांच्यापैकी जे नैरोबी शहरी राहावयास गेले, त्यांचा रक्तदाब पहिल्या महिन्याभरातच गावी राहिलेल्यांपेक्षा वाढलेला आढळला. आहारात मीठ वाढले होते आणि पोटॅशियम घटले होते. हा अभ्यास १९९० चा आहे. एका महिन्यात कोणाचे रक्त बदलत नाही. बदलले होते ते ताट.

याहून बोलके उदाहरण पीमा जमातीचे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात गिला नदीच्या काठी हे लोक पाटाच्या पाण्यावर शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला वसाहत करणाऱ्यांनी पाणी वळविले, शेते कोरडी पडली, आणि पुढे मैदा, चरबी व साखर यांचा सरकारी शिधा घरोघरी आला. त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोतील मायकोबा या डोंगरी गावी कष्टाची शेती करीत राहिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मायकोबाच्या पीमांचे सरासरी वजन ६४ किलो, तर ॲरिझोनातील पीमांचे ९० किलो भरले. २००६ च्या अहवालानुसार मधुमेहाचे प्रमाण एकीकडे ७ टक्क्यांच्या आत, दुसरीकडे ३८ टक्के होते. या लोकांना आळशी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या नदीचे पाणी कोणी नेले, हे विचारणे अवघड. मायकोबातही पुढील पंधरा वर्षांत राहणीमान बदलले, आणि २०१० च्या पाहणीत स्थूलता वाढलेली दिसली. ॲरिझोनातील जमातीचा पाण्यावरील हक्क मान्य करणारा कायदा २००४ साली झाला.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी आसपासच्या खेड्यांतील नवजात बालके तपासली. इंग्लंडमधील बालकांहून ती वजनाने बरीच हलकी असूनही अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे परिस्थितीचा परिणाम मातेच्या उदरातच सुरू होतो. गर्भवतीच्या ताटात शेवटी काय उरते, हा प्रश्न म्हणूनच केवळ घरगुती नव्हे.

घराण्याकडून जनुके येतात तशी लोणच्याची बरणी आणि खाऱ्या मासळीची आवडही येते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा मीठ सांगितले आहे. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावयाचे. शाळेचे मैदान वाहने उभी करण्यास न देणे शिक्षकांच्या व पंचायतीच्या हाती आहे. गावात भाजीचा बाजार नियमित भरविणे हेही तसेच.

ज्यांच्या आईला वा वडिलांना रक्तदाब आहे, त्यांनी तिशीनंतर वर्षातून एकदा तरी जवळच्या आरोग्य केंद्रात तो मोजून घ्यावा, कारण पुष्कळदा या विकाराची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. गोळ्या सुरू असताना आकडा खाली आला, तर तो गोळ्यांमुळे आला असण्याचा संभव अधिक. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या बंद करू नयेत.