किल्ली कोणाच्या हाती? : पौगंडावस्थेपासून वार्धक्यापर्यंत मनाची वाढ



कापडाच्या व्यापाऱ्याने मानसशास्त्रावर बोलावे, याचे आपणास नवल वाटेल. परंतु घरातच एक प्रश्न उभा राहिला आणि मी या विषयाकडे वळलो.

शरीराची वाढ विशीच्या आसपास थांबते. मनाची मात्र अखेरपर्यंत चालू राहते. हा विचार एरिक एरिकसन (१९०२-१९९४) यांनी १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात मांडला. आयुष्याचे त्यांनी आठ टप्पे कल्पिले. त्यांपैकी शेवटचे चार आज आपल्यापुढे ठेवतो.

पौगंडावस्थेचा प्रश्न ‘मी कोण?’ हा होय. या वयातील मुले मित्र, पेहराव, मते वरचेवर बदलतात. आपण त्यास उनाडपणा म्हणतो. वस्तुतः तो स्वत्वाचा शोध असतो. खुद्द एरिकसन यांना जन्मदात्या पित्याची ओळख कधीच लाभली नाही. सावत्र वडिलांच्या नावाने ते वाढले आणि १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी ‘एरिकसन’ हे आडनाव स्वतः धारण केले.

तारुण्याचा प्रश्न आत्मीयता की एकाकीपणा, हा आहे. ज्याला स्वतःची ओळख पटली, तोच स्वतःला न हरवता दुसऱ्याचा होऊ शकतो.

मध्यम वयात पुढील पिढीची जोपासना की साचलेपण, असा पेच पडतो. एरिकसन १९६२ मध्ये अहमदाबादेस आले होते. तेथील १९१८ च्या गिरणी संपात मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूस त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! त्या वेळी ४८ वर्षांच्या गांधीजींनी तीन दिवस उपवास केला. इतरांचा भार आपला मानणारे हे मध्यम वय एरिकसन यांनी ‘गांधीज ट्रुथ’ (१९६९) या ग्रंथात अभ्यासले. त्यास १९७० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता माझी कबुली. मुलास मी पेढीवर बसविले, पण गल्ल्याची किल्ली माझ्याच कमरेला राहिली. खरेदीस तो इचलकरंजीला जाई. भाव मात्र मी फोनवर ठरवी. एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, मी इथे मालक की नोकर?” पस्तिशीतही त्याचा ‘मी कोण?’ सुटला नव्हता, कारण माझी जोपासना अपुरी होती. टप्पे वयाने पुढे सरकतात, परंतु न सुटलेला प्रश्न जुन्या उधारीप्रमाणे पुढच्या खात्यावर येतो.

वार्धक्यात माणूस आयुष्याचा ताळेबंद मांडतो. जमा-खर्च, चुकांसह, आपला म्हणून स्वीकारला तर समाधान. नाही तर निराशा. नफ्याचा आकडा तेथे उपयोगी पडत नाही. आपण कोणास उभे केले, एवढेच पाहिले जाते.

गेल्या दिवाळीत वहीपूजन मुलाच्या हस्ते झाले आणि किल्ली मी त्याच्या हाती दिली. पहिल्याच हंगामात त्याची एक खरेदी चुकली. मी गप्प राहिलो. गप्प राहणे किती कठीण, हे माझे मला ठाऊक!

बंधूंनो, आपली संस्था पन्नाशीची झाली. तिचीही किल्ली तरुण हातांत केव्हा द्यावयाची, याचा विचार आपण ज्येष्ठांनी याच वर्षी करावा, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र!