कार्ड कोणाचे, उचल कोणाची?

(शहादा येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक ताईंनी मला सांगितले, "नर्सबाई, तुमच्याकडे डेबिट आणि क्रेडिट दोन्ही कार्डे आहेत. रोजच्या बाजाराला कोणते वापरायचे ते तुम्हीच सांगा." मी बँकेतली नाही. पण एका कार्डाने मला चांगलाच धडा शिकवला, त्यातले जेवढे कळले तेवढे सांगते.

आधी एक विचारते. आज आपापले कार्ड कोणी सोबत आणले आहे? हात वर करा. मोजले, सातच हात आहेत. म्हणजे बाकीच्यांची कार्डे घरी पेटीत आहेत, नाहीतर नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या पाकिटात.

सरकारी कार्डाची आपल्या जिल्ह्याला नवलाई नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी इथून जवळच टेंभलीला वाटले गेले, तेही एका बाईला. २०१४ मध्ये जनधन खाती निघाली, त्यांच्याबरोबर रुपे डेबिट कार्ड आले. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले. खाते बाईचे, अंगठा बाईचा, आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात! आजचा खरा प्रश्न हा आहे.

आता दोन कार्डांतला फरक. डेबिट कार्ड म्हणजे आपला डबा. मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडून मिळालेली मजुरी डब्यात टाकली, लागेल तशी काढली. डब्यात नसेल तर मिळणार नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे उचल. ऊसतोडीला जाताना मुकादम देतो ना, तीच. पैसे आज हातात, फेडायचे उद्याच्या कामातून.

उचल म्हटले की आणखी एक आठवते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतो नवरा, खर्च करतो नवरा, आणि मोळ्या वाहून ती फेडते बायको. कार्डाच्या बाबतीत तेच होऊ नये म्हणून मी इथे उभी आहे.

माझे सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या पगाराच्या बँकेतल्या माणसाने क्रेडिट कार्डाच्या अर्जावर सही घेतली. म्हणाला, "मॅडम, फुकट आहे." मुलाची फी भरली, फ्रीज घेतला. मिस्टरांनी माझ्याच खात्यावर जोडकार्ड घेतले. त्यांचा खर्च माझ्या बिलात येऊ लागला. बाकी ४०,००० झाली. बिलावर ठळक अक्षरांत लिहिलेले असे, "किमान रक्कम २,०००". मी भाबडेपणाने तेवढेच भरत राहिले. वाटायचे, हप्ता भरते आहे.

हप्ता नव्हता तो! महिन्याला शेकडा साडेतीनने व्याज १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे २,००० मधून १,६५२ व्याजातच गेले; मुद्दलातून ३४८. वर्षभरात मी जवळजवळ २३,००० भरले आणि मुद्दल फक्त ४,००० ने कमी झाले. आपल्या गटात आपण शेकडा दोनने कर्ज देतो आणि तेही जड जाते म्हणतो. या गुळगुळीत कार्डाचा दर त्याच्या पावणेदोन पट आहे, वर्षाला ४२ टक्के! शेवटी सेवकांच्या पतसंस्थेतून शेकडा एकने कर्ज काढून ते फेडले आणि जोडकार्ड बंद केले. घरात महिनाभर अबोला होता. चालेल.

तुम्ही म्हणाल, एवढ्या व्याजाला कायदा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा आपले आपणच सावध राहायला हवे. १९७२ पासून याच तालुक्यात आदिवासींनी सावकाराकडे गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला, बायांनी दारूची मडकी फोडली. त्यांच्या लेकी-सुनांनी सही करण्याआधी व्याज विचारायला लाजू नये.

मग क्रेडिट कार्ड वाईटच का? तसे नाही. महिन्याचे पूर्ण बिल तारखेच्या आत भरले, तर खरेदीवर व्याज लागत नाही. ज्या बाईला ठरावीक पगार आहे, जी पूर्ण बिल भरते, तिला त्याचा उपयोग आहे. कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर होते. पण एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. आणि त्या कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवशी सुरू.

ज्यांची मजुरी आज आहे आणि उद्या नाही, त्यांनी तेल-मीठ, औषध, वह्या यांना उचल लावू नये. रोजच्या बाजाराला डेबिट कार्डच बरे. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही, म्हणून त्याने वर पैसे मागितले तर देऊ नका. दुसरे असे की जनधनच्या रुपे कार्डाला अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख, आधीच्यांना १ लाख. पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. पेटीत ठेवलेल्या कार्डाचा विमा घरच्यांना मिळत नाही!

अडीनडीला उधार लागतेच, हे मला कळते. तेव्हा आधी गट. नंतर जनधन खात्यावर १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. ती घरातल्या एकालाच मिळते आणि त्यात बाईला प्राधान्य आहे. बँकेत जाऊन विचारा.

आणि पिन. तो आपला. नवऱ्याला दिला आणि पैसे गेले, तर बँक म्हणेल, तुम्हीच दिलात. पण तुमची चूक नसताना, बँकेबाहेरच्या कोणी फसवून पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. लगेच १९३० ला फोनही करा. न मागता क्रेडिट कार्ड गळ्यात मारायला बँकेला मनाई आहे. बाकी नसलेले कार्ड बंद करायचा अर्ज दिला, तर ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. नाही तर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे आहेत.

मला ठाऊक आहे, "कार्ड परत द्या" हे घरात म्हणणे सोपे नाही. एकटीने म्हटले तर भांडण होते. म्हणून गटानेच ठरवू या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक आणि कार्ड घेऊन यायचे. जिचे येणार नाही, तिच्या घरी आपण चौघीजणी चहाला जायचे. मग सगळ्यांनी मिळून एटीएमवर जायचे आणि एकेकीने आपला नवा पिन आपल्या हाताने टाकायचा. बाकीच्यांनी पाठ फिरवून उभे राहायचे.

पुढच्या मेळाव्याला मी पुन्हा विचारीन, कार्ड कोणी आणले आहे? तेव्हा सात हातांवर थांबायचे नाही.