विरोधकाला जामीन देणारे न्यायमूर्ती

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वकिलीशी माझा संबंध नाही. तरी आज कोर्टाबद्दल बोलणार आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात बसतंय. चार दशकं वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी लढा दिला. आता हायकोर्टाच्या तारखेसाठी रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागत नाही. म्हणून त्याच हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींची आठवण करू या. बद्रुद्दीन तय्यबजी.

जन्म १८४४, मुंबईचा, सुलेमानी बोहरा व्यापारी घराणं. १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. १८७४ मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर मंडळींसोबत त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. १८८७ ला मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता १८९७ साल. पुण्यात प्लेगचा हाहाकार, रँडचा खून, आणि ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांनीही नाकारला. मग खटला सेशनकडे गेला आणि अर्ज तय्यबजींसमोर आला. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर दावर उभे होते. तय्यबजींनी जामीन दिला.

यात विशेष काय? टिळक आणि तय्यबजी एका विचाराचे नव्हते. तय्यबजी मवाळ, समाजसुधारणावाले. टिळकांनी संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध केलेला. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांतली कटुता अजून ताजी होती. पण जामिनाच्या अर्जात आरोपीची मतं पटतात का, हा प्रश्नच नसतो. तो खटल्याला हजर राहील का, त्याला आपला बचाव नीट तयार करता येईल का, हे बघायचं असतं.

पुढे खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीतले सहा युरोपीय म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जामिनानं निकाल बदलला नाही. पण खटला उभा राहीपर्यंत आरोपी मोकळा राहिला, वकिलांशी बोलू शकला. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. तेव्हा न्यायासनावर होते तेच दावर, आणि जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर जिना. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा दिली. कायदा तोच. खुर्चीत कोण बसलंय, यानं फरक पडतो.

आता आपल्याकडे बघा. आपला पोरगा आत गेला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर मेसेज चालतात. न्याय हवा, जामीन हवा. बरोबरच आहे. पण ज्याची मतं आपल्याला चीड आणतात असा कुणी विनाखटला आत बसला, की ग्रुप शांत. मीही शांत असतो, खोटं कशाला बोलू? तय्यबजी आपल्याला तिथंच अडवतात. नियम हवा असेल तर तो विरोधकासाठीही मागावा लागतो.

दुसरी गोष्ट. कोर्टावर तक्रार करणारे आपण खूप, कोर्टात जाणारे थोडे. सहायक सरकारी वकिलाची आणि कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची भरती एमपीएससीतून होते. न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी आता तीन वर्षांची वकिली लागते. सात वर्षं वकिली केलेल्याला जिल्हा सरकारी वकील होता येतं. आणि सरकारी वकिलाचं काम कशीही करून शिक्षा मिळवणं नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा असला तरी तो कोर्टापुढे ठेवणं आहे. एका तालुक्याच्या कोर्टात असा एक प्रामाणिक माणूस असला, तर किती घरं वाचतील!

१९०६ साली तय्यबजी गेले. त्याच वर्षी शाहू महाराजांनी इथं मुस्लिम बोर्डिंगचं काम सुरू केलं. आपली पोरं शिकून खुर्चीपर्यंत पोचावीत म्हणूनच ना? इंजिनिअर आपल्यात पुष्कळ झाले, मीही त्यातलाच. इथं बसलेल्यांपैकी दोघं-तिघं तरी उद्या लॉ कॉलेजचा फॉर्म भरा. आणि एक दिवस त्या खुर्चीत बसलात, तर न पटणाऱ्या माणसाचा अर्ज समोर येईल तेव्हा तय्यबजींना आठवा.